माझ्या नावापुढचा हिरवा दिवा

ज्या माणसानं मला फसवलं त्याला माझा पासवर्ड ठाऊक नव्हता. तो त्याला लागलाच नाही. दार मीच उघडून दिलं होतं आणि माझ्या समजुतीप्रमाणे ते मी रोज बंदही करत होते. हे कोणाला सांगायला गेलं की लोक म्हणतात, म्हणजे तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये चूक होती तर. होती. पण सॉफ्टवेअरच्या चुकीपायी कोणी जेवणाच्या ताटावरून उठून जात नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

कारंज्यात आमच्या समाजाचं एक वधू-वर मंडळ आहे. पूर्वी मंडळाचा नुसता मेळावा व्हायचा. विहाराशेजारच्या मंडपात मुलगा उभा राहून नाव, शिक्षण, नोकरी खणखणीत सांगायचा. मग मुलगी यायची, माइकपाशी काहीतरी पुटपुटायची आणि पदर सावरत खाली बसायची. नंतर कोणाकडून निरोप आला की हो किंवा नाही हे मुलीचा बाप सांगायचा. आपण काय उत्तर दिलं हे मुलीला घरी गेल्यावर कळायचं. माझ्या मोठ्या मावसबहिणीचं लग्न असंच ठरलं आणि ती अजूनही ही गोष्ट हसत हसत सांगते. मला त्यात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही.

मी पुण्याच्या एका कंपनीचं वेबसाइट बनवण्याचं काम कारंज्यातल्या घरूनच करते. मंडळानं वेबसाइट काढायचं ठरवलं तेव्हा ते माझ्याच गळ्यात पडलं, घरची मुलगी म्हणून, म्हणजे फुकट. मी एकच अट घातली. स्थळाला उत्तर मुलगीच देईल, तिच्या स्वतःच्या खात्यातून, आणि ते बदलायचं झालं तरी तीच बदलेल. मुलीनं नको म्हटलं की मुलाकडच्यांनी पुन्हा फोन करायचा नाही, मध्यस्थ घालायचा नाही. बैठकीत कुरकुर सुरू झाली. एका काकांनी विचारलं, पोरीच ठरवणार तर आम्ही काय मंडपाच्या दोऱ्या बांधायच्या का? सगळे हसले आणि मला वाटलं, झालं, बुडालं.

तेव्हा बाबा उभे राहिले. माझे बाबा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आणि मंडळाचे सचिव. भरल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत पोहोचणारा आवाज त्यांचा. जयंतीच्या कार्यक्रमात दरवर्षी त्यांचं भाषण असतं आणि लोक ते खरोखर ऐकतात.

ते म्हणाले, "पोरगी शिकली, कमावून राह्यली, अन् तिच्या तोंडातलं हो-नाही आपण बोलाचं? मले नाही पटत. माह्या पोरीपासून सुरू करा."

अट मंजूर झाली. साइटवरची पहिली माहिती माझीच भरली गेली. बैठकीच्या दिवशी घरी येताना मी बाबांच्या स्कूटरवर मागे बसले होते आणि मला सारखं वाटत होतं की याच्यासारखा बाप सगळ्यांना मिळायला हवा. हे वाक्य मी कोणाजवळ बोलले नाही हे बरंच झालं.

आमच्याकडे घरातला चांगला फोन बहुतेक बापाचा किंवा भावाचा असतो. मुलीनं उत्तर कुठून द्यायचं हा प्रश्न होता. मंडळाच्या कार्यालयात एक कॉम्प्युटर बसवला आणि तो सांभाळायला कामरगावची एक ताई ठेवली. ती रोज जीपनं यायची. तिच्या नवऱ्याला जाऊन काही वर्षं झाली होती आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतून मुली यायच्या, भाजीची पिशवी टेबलाखाली ठेवायच्या आणि कॉम्प्युटरसमोर बसायच्या. मुलगी उत्तर द्यायला बसली की ताई आपली खुर्ची भिंतीकडे फिरवून घ्यायची. हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. मुलगी उठून लॉगआउटचं बटण दाबायची, "झालं ताई" म्हणायची, मगच ताई वळायची. सोबत आलेली आई किंवा वहिनी आत डोकावलीच तर ताई तिला चहाला बाहेर घेऊन जायची.

साइट सुरू झाली त्या दिवशी दुपारी बाबा त्यांचा फोन घेऊन माझ्याजवळ आले. दाखव मले तुहं काम, म्हणाले. त्यांचं सदस्य म्हणून वेगळं खातं उघडायचं होतं, पण मी घाईत होते. मी माझंच खातं त्यांच्या फोनवर उघडून दिलं. बस स्टँडवर जुन्या सोबत्यांना दाखवतो, म्हणाले. मी म्हटलं, दाखवा. नंतर त्यांच्यासाठी खातं तयार केलं तेव्हा ते म्हणाले, राहू दे, मले कायले लागते? मीही ते विसरून गेले. आमच्या घरात कोणाच्या फोनवर काय उघडून दिलं याचा हिशेब कोणी ठेवत नाही. आईच्या फोनवर माझा मेल आहे, माझ्या फोनवर आईचं गॅस सिलिंडर आहे. मंडळाची साइट मात्र मी माझ्या फोनवर कधीच उघडत नसे. लॅपटॉपवर काम, काम झालं की लॉगआउट, ही माझी सवय.

त्यानंतर शेलूबाजारचं स्थळ आलं. हायवेला लागून त्याचं पाण्याच्या जळलेल्या मोटारी वाइंडिंग करून, म्हणजे नव्या तारेनं बांधून, देण्याचं दुकान होतं. आम्ही कार्यालयात भेटलो, दोन्हीकडची चार माणसं बाजूला बसलेली. मुलं अशा वेळी आधी स्वयंपाक येतो का ते विचारतात आणि मग आपण फार मोकळ्या विचारांचे आहोत असं सांगतात. हा म्हणाला, तुमी विचारा आधी, मी नंतर विचारतो. मी विचारलं, दुकानात सगळ्यात जास्त राग कशाचा येतो? तो म्हणाला, मोटार जळल्यावर आणतात अन् म्हणतात काही केलं नाही, आपोआप जळली. मी इतकी हसले की बाबांनी वळून पाहिलं. मग त्यानं मला विचारलं की साइटवर मुलीला काय काय येतं ते लिहायला एवढी मोठी जागा आहे, मुलाला काय येतं त्याची जागा का नाही? मी ती जागा त्याच आठवड्यात टाकली. त्यानं तिथं लिहिलं, भाकरी येते, पुरणपोळी फाटते.

मला तो आवडला. आडपडदा कशाला ठेवू? मी साइटवर "पुढे बोलू" हे उत्तर दिलं आणि बाबांनाही सांगितलं की मला हे स्थळ चालेल. बाबा म्हणाले, पाहू, घाई काय आहे. ते नाही म्हणाले नाहीत. मी त्यांचा चेहराही पाहिला, त्यावर काही नव्हतं.

काही दिवसांनी त्याचं स्थळ माझ्या पानावरून दिसेनासं झालं. मुलानं माघार घेतली की तसं व्हायचं. मुलीनं नको म्हटलं तरी तसंच व्हायचं, पण मी नको म्हटलेलं नव्हतं, म्हणून मला एकच अर्थ लागला. मला फार लागलं ते. मी दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बाबा माझ्या खोलीत आले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे बेटा. पोराईचं असंच राह्यते." त्यांच्या हातानं मला खरंच बरं वाटलं होतं. आज तो हात आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते.

पुढे कामरगावला एका लग्नात त्या मुलाची बहीण भेटली. मी तोंड चुकवून निघाले होते, तीच आडवी आली. ती भांडायला आली नव्हती, हे मी सांगायला हवं. हळूच म्हणाली, "नको म्हणाचा हक्क आहे तुमाले. पण धंदा पसंत नव्हता तं तवाच सांगाचं होतं. तो दोन दिवस दुकानात गेला नाही."

मी विचारलं, कोणाला नको म्हटलं? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी जेवण तसंच ठेवून घरी निघाले.

लॅपटॉपवर पाहिलं. माझ्याच खात्यातून माझं "पुढे बोलू" बदलून "नको" झालेलं होतं. कारणांच्या पर्यायांतून "व्यवसाय पसंत नाही" हे निवडलेलं होतं. तो पर्याय मीच लिहिला होता, मुलींना खुलासे द्यावे लागू नयेत म्हणून. नकार गेला त्या दुपारी मी वाशीमला आत्याकडे बारशाला होते. निघण्याआधी मी लॉगआउट केलं होतं, हे मी कोणासमोरही छातीवर हात ठेवून सांगू शकत होते. म्हणजे मी बाहेर पडल्यावरही माझ्या नावानं कोणीतरी आत होतं. आणि माझं असं झालं असेल तर बाजाराच्या दिवशी येणाऱ्या त्या सगळ्या मुलींचं काय? त्यांची उत्तरं त्यांचीच होती का?

मी मंडळाला सांगितलं. तातडीची बैठक बसली. दुरुस्ती होईपर्यंत कोणी उत्तर देऊ नये असा निरोप मुलींना गेला. मी समजावत होते की दोष बहुधा लॉगआउटमध्ये आहे, मुलगी बाहेर पडते पण तिचं खातं उघडंच राहतं, मला शोधायला थोडा वेळ द्या. मंडळींना एवढं ऐकायचं नव्हतं. त्यांना माणूस हवा होता. मग बाबा बोलले, बसूनच, शांतपणे. म्हणाले, "खातं उघडं राह्यते म्हणता, तं त्या कॉम्प्युटरजवळ दिवसभर कोण बसते ते पाहा."

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ती चहाचे कप गोळा करत होती. तिनं ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली की मी पोरींच्या उत्तराला हात लावत नाही, तिकडं पाठ करून बसते. एकानं म्हटलं, पाठ करता हे पाहायला कोण असतं तिथं? दुरुस्ती होईपर्यंत तिनं कार्यालयात येऊ नये असं ठरलं. मी म्हणत राहिले की अजून काही सिद्ध झालेलं नाही, पण माझा आवाज बाबांसारखा मागच्या बाकापर्यंत जात नाही. ताई पिशवी घेऊन जीपच्या थांब्याकडे गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी कंपनीतून रजा घेतली आणि कामाला लागले. हे काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही पासवर्ड टाकून आत आलात की सर्व्हर तुमच्या ब्राउझरच्या हातात एक चिठ्ठी देतो, तिला कुकी म्हणतात. कंडक्टरच्या घरातली असल्यामुळे मी तिला तिकीट समजते. पुढे प्रत्येक पानावर तुमचं नाव विचारलं जात नाही, तिकीट पाहिलं जातं. लॉगआउट म्हणजे ते तिकीट रद्द व्हायला हवं.

आधी मला वाटलं की नुसतं मागे जाण्याचं बटण असेल. लॉगआउट करून ते दाबलं तर माझं जुनं पान खरंच पुन्हा दिसलं. पण ते ब्राउझरनं आठवणीतून काढलेलं चित्र होतं. त्यावर कुठंही बोट लावलं की पासवर्ड विचारला जायचा. तेवढ्यावर कोणी नकार देऊ शकत नव्हतं. तरी ते बंद केलं, कारण मुलीनं कोणाचा फोटो पाहिला हे मागून येणाऱ्याला दिसणंही वाईटच.

मग मी माझं तिकीट, म्हणजे ती कुकी, लॉगआउट करण्याआधी बाजूला उतरवून घेतली. लॉगआउट केलं. तीच कुकी दुसऱ्या ब्राउझरमध्ये टाकली आणि मी सरळ आत गेले. इथं माझा दोष सापडला. माझं बटण फक्त प्रवाशाच्या हातातलं तिकीट फेकून देत होतं, कंडक्टरला काही कळवतच नव्हतं. ते तिकीट कोणी उचललं असतं तर तो खुशाल बसून गेला असता. मी सर्व्हरवरची नोंदही पुसली जाईल असं केलं, पुन्हा तसंच करून पाहिलं आणि या वेळी बाहेर फेकली गेले. मला बरं वाटलं. ताईला फोन करून सांगावं असंही वाटलं. पण तिकीट उचलून दुसरीकडे वापरणं हे ताईच्या, किंवा कारंज्यातल्या कोणाच्याही, हातचं काम नव्हतं. ज्यानं कोणी नकार दिला त्याला एवढी यातायात नक्कीच करावी लागली नव्हती. म्हणजे अजून काहीतरी होतं.

मंडळासाठी मी एक सोय केलेली होती. व्यवस्थापकाच्या खात्यातून सगळ्यांची नावं दिसत आणि जो त्या क्षणी साइटवर असेल त्याच्या नावापुढे छोटा हिरवा दिवा लागे. सकाळी, जेवणाआधी, मी बाहेरच्या खोलीत बसून व्यवस्थापकाचं खातं उघडलं. माझं स्वतःचं खातं मी नुकतंच, नव्या दुरुस्तीसह, बंद केलं होतं. यादीत सगळी नावं विझलेली होती. एकच दिवा लागलेला होता आणि तो माझ्या नावापुढे होता.

मी लॅपटॉपसमोर बसून माझ्याच नावाकडे पाहत होते. मी इथं, लॉगआउट केलेली, आणि आत मी फिरत होते. आधी वाटलं, दिव्यातच काही बिघाड असेल. मग डोक्यात प्रकाश पडला. माझं बटण मी जिथून बाहेर पडते तेवढंच तिकीट रद्द करत होतं. त्याच नावाचं दुसरं तिकीट कुठं दिलेलं असेल तर ते चालूच राहणार. खेड्यात नेटवर्क नीट नसतं, मुलींना सारखा पासवर्ड टाकावा लागू नये, म्हणून वापरात असलेलं तिकीट आपोआप वाढत जाईल अशी सवलतही मीच ठेवली होती. कोणी रोज उघडत राहिलं तर ते कधीच संपलं नसतं.

मी "सगळीकडून बाहेर" असं एक नवं बटण लिहिलं. एका नावाची जिथं जिथं तिकिटं असतील ती सगळी रद्द. लिहून झालं तेव्हा आई स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारत होती. आले, म्हटलं आणि बटण दाबलं. माझ्या नावापुढचा दिवा विझला.

त्याच क्षणी घराबाहेरच्या ओट्यावरून बाबांचा आवाज आला. "अवं बेटा, हे पाय बरं. अचानक पासवर्ड मांगून राह्यलं."

मी जागची उठले नाही. आईनं ताट वाढून आणलं आणि माझ्याजवळ ठेवलं. बाबांनी पुन्हा हाक मारली. मग मी ताटावरून उठले आणि बाहेर गेले. बाबा खुर्चीत बसले होते, चष्मा कपाळावर, फोन माझ्याकडे धरलेला. पडद्यावर माझ्या साइटचं दारावरचं पान होतं, नाव आणि पासवर्ड विचारणारं.

मी विचारलं, "कोणाच्या नावानं चालू होतं बाबा?"

ते गोंधळले नाहीत. म्हणाले, "तुह्या. तुनंच तं लावून देलं होतं."

"शेलूबाजारच्या स्थळाला नको कोणी म्हटलं?"

बाबांनी फोन मांडीवर ठेवला. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाला तरी हात केला. मग म्हणाले, "मोटारी बांधणाऱ्याले देऊ का तुले? हात पाह्यले त्याचे? ग्रीसनं कायेकुट्ट झालेले. म्या तुले शिकवलं ते त्याच्यासाठी?"

"मला सांगायचं होतं तुम्ही."

"आयकली असती तू?"

"नसतं ऐकलं."

"म्हणूनच तं," बाबा म्हणाले.

मी ताईचं विचारलं. ते म्हणाले, मी तिचं नाव घेतलं नव्हतं, पाहा एवढंच म्हटलं होतं. मंडपात माइकपाशी पुटपुटणाऱ्या मुली मला आठवल्या. त्यांच्या बापांनी निदान स्वतःच्या तोंडानं उत्तर दिलं होतं. माझ्या बापानं माझ्या नावाआड बसून, माझ्यासारखं होऊन उत्तर दिलं होतं, वर माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि ते परक्याला जमत नाही.

आत येऊन मी माझं पान उघडलं. वाशीमच्या एका बँकेतल्या मुलाला माझ्याकडून "पुढे बोलू" असं उत्तर गेलं होतं. तेही त्याच सकाळी, कोणी उत्तर देऊ नका असा निरोप सगळ्यांना गेलेला असताना. तो निरोप बाबांच्याच सहीनं निघाला होता. मी ते उत्तर बदललं. आई दारात उभी राहून विचारत होती की ताट गार होतंय, काय झालं. मी तिला सांगितलं. ती ताट उचलून आत घेऊन गेली. तिला आधीपासून ठाऊक होतं की नाही हे मी अजून विचारलेलं नाही.

संध्याकाळी बाबा दाराशी आले आणि पुढच्या बैठकीत काय सांगशील, म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच सांगा काय सांगू. ते म्हणाले, "मशिनची चूक होती म्हणाव. खोटं बी नाही होत ते." म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला होता. मला त्यांची कीव यायला हवी होती. नाही आली.

बैठकीला ताईलाही बोलावून घ्या असं मी आधीच कळवलं होतं. बाबा नेहमीच्या जागेवर, पहिल्या रांगेत होते. मी उभी राहिले आणि सांगितलं की लॉगआउटमध्ये दोष होता, तो माझा होता आणि तो काढला आहे. इतर मुलींना एकेकीला विचारलं, त्यांची उत्तरं त्यांचीच आहेत. माझ्या खात्यातून गेलेली उत्तरं माझी नव्हती. ती आमच्या घरातून, माझ्या वडिलांच्या फोनवरून गेली. ताईचा याच्याशी काही संबंध नाही. बोलताना मी बाबांकडे पाहिलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, चपला घातल्याचा आला, मग स्कूटर सुरू झाल्याचा. दोरीवाले काका काहीतरी म्हणणार होते, पण शेजारच्यानं त्यांचा हात दाबला.

बैठक उठल्यावर ताई माझ्याजवळ आली. तिनं माझे आभार वगैरे मानले नाहीत आणि मानायचं काही कारणही नव्हतं. ती म्हणाली, "तुह्या बापानं माह्याकडं पाहून म्हटलं होतं, बाई. रोज माह्या हातचा चहा पेते तो. मले तं वाटलं, मशिन म्हणते तं चुकून मीच काही दाबलं असन." दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली. खुर्ची आता कायमची भिंतीकडे वळवून ठेवते.

एकच काम राहिलं होतं. मी माझ्या खात्यातून त्याचं पान उघडलं, तो नकार माझा नव्हता असं लिहायला. त्याच्या फोटोवर साइटची नेहमीची पट्टी आलेली होती, "जमलं" अशी. स्थळ जमलं की मुलाकडचेच ती लावतात. भाकरी येते, पुरणपोळी फाटते, हे खाली तसंच होतं. मी लिहिलं नाही. ठरलेल्या घरात आपला खुलासा नेऊन कोणाचं भलं होणार होतं? पण त्याच्या बहिणीला मी फोन केला, कारण माझ्याबद्दल त्या घरात धंद्याचा तो शेरा राहू नये एवढं मला हवं होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी त्याले म्हटलं होतं, एक फोन करून पाय, काही घोळ असन. तो म्हणे नाही. पोरीनं नको म्हटलं म्हणजे नको, तिथंच लिहून आहे."

तिथं ते मीच लिहिलं होतं. मुलीच्या उत्तराचा मान राखा, पुन्हा विचारू नका. इतक्या लोकांत ते एकानं मनापासून पाळलं.

बाबा आणि मी आता बोलतो. वीजबिल भरलं का, पाणी आलं का, तेवढं. त्यांच्या फोनवर मी त्यांचं स्वतःचं खातं उघडून दिलं आहे, ते त्यातून मंडळाच्या सूचना वाचतात. जयंतीला त्यांनी भाषण केलं, मी घरी थांबले, पण कर्ण्यावरून आवाज येत होताच. रोज काम संपल्यावर मी लॉगआउट करते, मग सगळीकडून बाहेरचं बटण दाबते आणि मग व्यवस्थापकाच्या खात्यातून माझं नाव पाहते. बाबा ओट्यावर फोन घेऊन बसलेले मला खिडकीतून दिसतात. नावापुढे दिवा नसतो. दुरुस्ती पक्की आहे, मीच केली आहे, तो लागणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी मी रोज पाहते.